ग्रेडियंट: प्रवणता, उतार की नुसता फरक?

ऐरोलीकर: बारावीच्या मुलांसाठी श्वासमार्गाच्या अभिस्तर पेशींवर, म्हणजे आतल्या अस्तराच्या पेशींवर, टिपण लिहितोय. 'ग्रेडियंट'साठी 'प्रवणता' लिहिलं की मुलांना पाटीवरचं 'अपघातप्रवण क्षेत्र' आठवतं. विद्युत आणि सामू (पीएच), दोन्हींना चालेल असा शब्द आहे का?

घंटाळीकर: मुलांचं फारसं चुकत नाही. प्रवण म्हणजे मुळात उतरता. त्यावरून 'कल असलेला', मग पूरप्रवण, अवर्षणप्रवण. शब्द चोख आहे, पण इथे लागतोय का? पेशीपटल जेमतेम काही नॅनोमीटर जाड. त्याच्या आतला उतार कोण मोजतंय? दोन बाजूंमधला फरक मोजतात, आणि विजेपुरता त्याला 'विभवांतर' हा शब्द शाळेपासून आहे. निरोगी माणसाच्या नाकातल्या अभिस्तराचं विभवांतर साधारण उणे 20 मिलिव्होल्ट भरतं. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात ते बरंच जास्त ऋण असतं. नोल्स, गॅट्झी आणि बाउचर यांनी हे 1981 मध्ये दाखवलं, आजाराचं जनुक सापडलं 1989 मध्ये. मात्र हे अख्ख्या थराचं विभवांतर आहे, एका पटलाचं नव्हे. हवेकडच्या आणि रक्ताकडच्या पटलांची विभवांतरं वेगवेगळी असतात, थराचं म्हणजे त्यांची वजाबाकी. पाठ्यपुस्तकंही इथे घोळ घालतात.

बेलापूरची मावशी: 'सामूचा उतार' तर चुकूनही लिहू नका. पेशीत सामू 7.2 आणि बाहेरच्या द्रवात 6.6 धरा. सामू बाहेरच्या दिशेने उतरतो. हायड्रोजन आयन मात्र बाहेर चौपट, म्हणजे त्यांचा उतार आतल्या दिशेने! पारसिक हिलचा रस्ता, खालून बघाल तर चढ, वरून बघाल तर उतार. त्यात पेशीची आतली बाजू ऋण, म्हणजे तीही आयनांना आतच ओढणार.

ऐरोलीकर: मग दोन्ही ओढी एकत्र कशा मांडायच्या?

बेलापूरची मावशी: शरीराच्या तापमानाला सामूतला 1 चा फरक म्हणजे सुमारे 61 मिलिव्होल्ट. वरच्या उदाहरणात 0.6, म्हणजे 37 मिलिव्होल्टच्या आसपास. ते त्या पटलाच्या विभवांतरात मिळवा. एकूण ओढीला 'विद्युत-रासायनिक प्रवणता' म्हणा, तिथे तो शब्द शोभतो.

घंटाळीकर: मान्य. बाकी ठिकाणी 'सामूतला फरक'.

ऐरोलीकर: 'एपिकल' पटलाला काय लिहू? 'शिखरस्थ' वाचून मलाच हसू येतंय.

घंटाळीकर: 'हवेकडचं पटल'. वर लिहिलंच आहे की.