मदत हवी आहे: बारामती–नागपूर, एव्हगॅस (पिस्टन इंजिनाच्या विमानांचं पेट्रोल) आणि विमानाचं रात्रीचं पार्किंग

सेसना १७२एस (एका इंजिनाचं छोटं विमान), दोघे जण. अंतर सुमारे ३१० नॉटिकल मैल. ११० नॉटने (ताशी ११० नॉटिकल मैल) जाताना दोन तास पन्नास मिनिटं. ताशी ३५ लिटर धरलं तर जाऊन-येऊन २०० लिटर, म्हणजे टाक्यांतलं वापरण्याजोगं सगळं इंधन. राखीव शून्य, शिवाय समोरचा वारा वेगळाच! जेट ए-१ (जेट विमानांचं केरोसिनसारखं इंधन) या इंजिनाला चालत नाही, डिटोनेशनने (सिलिंडरमध्ये इंधनाचा अनियंत्रित भडका होऊन) पिस्टन जातात.

नांदेड, लातूर, संभाजीनगर की नागपूर: सध्या एव्हगॅस नक्की कुठे मिळतं? किती दिवस आधी कळवायचं? पिंपातून देत असतील तर फिल्टर आणि हातपंप तिथे असतो का? पिंपाच्या तळाशी पाणी साचतं, त्याची फार काळजी वाटते.

नागपुरात मुक्काम आहे. अ‍ॅप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर) विमान बांधायला कड्या आहेत का? वळवाच्या वाऱ्यात चाकांना लावलेले नुसते चोक (अडथळे) पुरत नाहीत.