पाच गाड्या, नाल्याची पांदण अन् मोबाइलला रेंज नाही. वॉकीटॉकी कोणते घ्यावे?

पांदणवाला_बोलेरो (परतवाडा)

नमस्कार मंडळी. आम्ही परतवाडा-अचलपूर भागातले पाच गाड्यांचे मित्र, दोन थार, एक जुनी जिप्सी, एक जिम्नी अन् माझी बोलेरो. महिन्यातून एखाद्या रविवारी पहाटे निघतो, धरणामागच्या पांदणीनं नाले पार करत सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत जातो अन् जेवायला घरी परत येतो. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आम्ही गाड्या घालत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मागच्या श्रावणात काय झालं ते सांगतो म्हणजे प्रश्न समजेल. तीन नंबरला जिप्सी होती, नाल्याच्या उतारावर काळ्या मातीत तिची मागची दोन्ही चाकं एक्सलपर्यंत बसली. पुढच्या दोन थार वळणापलीकडे निघून गेलेल्या, त्यांना पत्ताच नाही, मी मागून येऊन पाहतो तर जिप्सीवाला चाकाखाली पळसाच्या फांद्या टाकून राहिला अन् आत त्याचे वडील बसलेले, शुगरचे पेशंट, जेवायची वेळ टळून गेलेली. मोबाइलला एक काडी नाही. शेवटी जिम्नीतला पोरगा चिखलातून पाऊण तास पायी गेला तेव्हा कुठं पुढचे दोघं परत आले, अन् विंच म्हणजे फसलेली गाडी ओढायचं दोराचं यंत्र त्यांच्याच गाडीला होतं. काका बरे आहेत पण त्या दिवशीपासून माझ्या डोक्यात हेच चालू आहे की रेडिओ घेतल्याशिवाय आता निघायचं नाही.

बजेट गाडीमागं तीन-चार हजार. दुकानदार म्हणतो पाच वॉटचा घ्या, दहा किलोमीटर जाते. एकाच्या भाच्यानं अमेरिकेहून दोन सेट आणले ते फुकटात मिळून राहिले. कोणी म्हणते सीबी म्हणजे गाडीत लावायचा २७ मेगाहर्ट्झचा रेडिओ लावा, कोणी म्हणते हॅमची म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची परीक्षा द्या. लायसन्सचं नेमकं काय आहे? ज्यांनी खरंच जंगलात वापरले त्यांनीच सांगा भाऊ.

सिपनाकाठ (धारणी)

भाऊ, पाच गाड्यांसाठी ४४६ वाले अर्ध्या वॉटचे सेट घ्या. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा आपल्याकडं २०१८ च्या नियमांपासून लायसन्समुक्त आहे, म्हणजे तुम्हाला, बायकोला, पोराला, कोणालाच परवाना लागत नाही. फक्त सेटला ईटीए म्हणजे सरकारची उपकरण मंजुरी आहे का ते बिलावर नाहीतर डब्यावर पाहून घ्या. बाहेरच्या देशात यालाच पीएमआर ४४६ म्हणतात, सोळा चॅनल असतात, जुन्या सेटमध्ये आठच.

आता दहा किलोमीटरचं. दुकानदार पूर्ण खोटं बोलत नाही पण ते दहा किलोमीटर कुठलं हे सांगत नाही. हे तरंग साधारण नजरेच्या रेषेत जातात. मी गाविलगडाच्या तटावर उभा राहून खाली मैदानातल्या मित्राशी याच अर्ध्या वॉटवर साफ बोललो आहे, अन् त्याच सेटवर सेमाडोहच्या बाजूला रस्त्याच्या दोन वळणांपलीकडची गाडी ऐकू आली नाही. मध्ये डोंगराची सोंड आली की संपलं. अन् पाच वॉट म्हणजे दहा पट पॉवर असली तरी अंतर दहा पट होत नाही, मोकळ्या हवेत हिशोबानं तीन पटीच्या आसपास, झाडीत तर तेवढंही नाही अन् टेकडी आडवी असली तर दोन्ही सेट सारखेच गप्प.

अजून एक जे कोणी सांगत नाही. सागाचं जंगल एप्रिलमध्ये उघडंबोडकं असते, तेव्हा मला दीड किलोमीटरपर्यंत आरामात मिळते. तीच जागा ऑगस्टमध्ये, पानं सुपाएवढी अन् त्यावर पाणी, तेव्हा पाऊण किलोमीटरला आवाज फाटायला लागते. ओली पानं या फ्रिक्वेन्सीला खातात. त्यामुळं सेट उन्हाळ्यात तपासला अन् खूश झाले असं करू नका, पावसात तपासा.

गाडीच्या पत्र्याच्या आत बसून बोलाल तर बरीच ताकद तिथंच जाते. बोलायचं असलं की काच खाली करा, सेट उभा धरा, आडवा नाही, अन् अँटेना छताच्या पत्र्यापासून लांब ठेवा.

थार_अन्_तूर (दर्यापूर)

आम्ही तीन वर्षांपासून पाच वॉटचे चायनीज विना परवाना वापरून राहिलो ऑनलाइन घेतलेले, कोणी विचारत नाही बाप्पा. स्वस्त पडतात अन् टॉर्च पण आहे त्यात. उगाच कायद्याचं भेव कायले दाखवता.

प्राणहिता_किनारा (अहेरी)

दर्यापूरच्या दादा, तुमच्याकडं कोणी विचारलं नसेल. आमच्या गडचिरोलीत विचारतात. माझ्या मावसभावाच्या गाडीत असाच एक सेट डॅशबोर्डवर दिसला, नाक्यावर थांबवलं अन् संध्याकाळपर्यंत बसून रहावं लागलं, सेट जमा झाला तो वेगळाच. त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. या भागात विना परवाना वायरलेस म्हणजे काय समजतात ते इथल्या लहान पोराला पण माहीत आहे. तो सेट पोलिसांच्या, वनखात्याच्या, कोणाच्याही चॅनलवर जाऊन बोलू शकतो, तुम्ही चुकून बटण दाबलं अन् तिकडं कोणी जखमी माणसासाठी मदत मागत असलं तर त्याचा आवाज दबला ना. मला ती गोष्ट जास्त लागते.

आता ऑनलाइनचंही सोपं राहिलं नाही. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं असे सेट विकणाऱ्या तेरा ई-कॉमर्स साइटना नोटिसा दिल्या होत्या, नंतर विक्रीसाठी मार्गदर्शक नियमही काढले.

अमेरिकेवाले फुकटचे सेट बिलकुल वापरू नका. ते ४६२ अन् ४६७ मेगाहर्ट्झवर चालतात, तिथं मोकळे आहेत, आपल्याकडं तो पट्टा मोकळा नाही. अन् ते तुमच्या ४४६ वाल्यांशी बोलणारही नाहीत, मग उपयोग काय. सॅटेलाइट फोनची आयडिया कोणी दिली तर तीही सोडा, परवानगीशिवाय तो जवळ ठेवणं आपल्या देशात गुन्हा आहे.

थार_अन्_तूर (दर्यापूर)

जखमी माणसाचा मुद्दा खरा आहे दादा, तो विचार केला नव्हता. सेट काढून ठेवतो. मंग ४४६ वाल्यात आमचे तीन तरी घ्यावे लागतील.

वर्ध्याची_मास्तरीण (यवतमाळ)

पांदणवाले दादा, हॅमबद्दल मी सांगते, माझ्याकडे रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं म्हणजे खालच्या पायरीचं लायसन्स आहे. परीक्षा अवघड नाही, थोडी रेडिओची थिअरी आणि नियम, मोर्सची म्हणजे टिंब-रेघांच्या संकेतांची चाचणी फक्त वरच्या, जनरल ग्रेडला आहे. बारा वर्षांचं मूलही देऊ शकतं, माझ्या शाळेतल्या दोन मुली तयारी करत आहेत. पण परीक्षेनंतर लायसन्स हातात यायला वेळ जातो, या पावसाळ्याच्या भरवशावर राहू नका.

आणि महत्त्वाचं म्हणजे हॅम बँडवर बोलणारा प्रत्येक माणूस लायसन्सवाला पाहिजे. तुमच्या पाच गाड्यांत एकाकडे लायसन्स असून काम भागत नाही, कारण समोर बोलायला दुसरा कोण? पाचही जण शिकायला तयार असाल तर मात्र मजा आहे. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर गाडीच्या छतावर नीट अँटेना लावला की झाडीतून जरा बरं जातं आणि जिथे रिपीटर म्हणजे ऐकलेलं पुढे पाठवणारं उंचावरचं केंद्र आहे तिथे तर टेकडीपलीकडेही पोचतं. भूजचा भूकंप झाला तेव्हा २००१ मध्ये फोन बंद पडले होते आणि हॅमवाल्यांनी निरोप पोचवले, तेव्हापासून मला हे शिकायचं होतं, शिकायला वीस वर्षं लागली ती गोष्ट वेगळी.

सीबीचं थोडक्यात सांगते. २७ मेगाहर्ट्झ, पाच वॉटपर्यंत, हाही लायसन्समुक्त आहे. पण त्या तरंगाची लांबी अकरा मीटर, म्हणजे पाव तरंगाचा अँटेना करायचा तरी पावणेतीन मीटर! ४४६ ला तोच सतरा सेंटिमीटर. पावणेतीन मीटरची काडी घेऊन बाभळीच्या पांदणीत जाणार कसे? छोट्या अँटेनावर सीबी लंगडा होतो आणि जुन्या जिप्सीच्या इग्निशनची खरखर त्यात येते. सपाट मोकळ्या रानात ठीक आहे, तुमच्या कामाचा नाही.

नागझिरा_बाजू (साकोली)

सेट कोणता ते झालं, आता बोलायचं कसं ते कोणीच लिहिलं नाही, अन् आमची खरी अडचण तिथंच झाली होती.

नाला पार करताना एक जण खाली उतरून पुढं उभा राहते अन् सेटवर ड्रायव्हरला सांगते. आमचा पोट्टा पाण्यात गुडघाभर उभा, गाडीकडं तोंड करून. तो म्हणाला "डावं घे". त्याचं डावं म्हणजे ड्रायव्हरचं उजवं. गाडी दगडावर चढली अन् इतकी कलली की आतल्या पाण्याच्या कॅन एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेल्या. कोणाला लागलं नाही पण माझे हात नंतर थरथरत होते. तेव्हापासून आमच्यात ठरलं आहे, डावं-उजवं नेहमी ड्रायव्हरचंच. अन् थांबवायला एकच शब्द, "थांब". कोणीही "थांब" म्हटलं, मागच्या गाडीतल्या बाईनं म्हटलं तरी, ब्रेक पहिले अन् विचारणं नंतर. "बस बस", "राहू दे", "अरे अरे" हे सगळं बंद. बस म्हणजे बसू दे की पुरे हे चिखलात समजत नाही.

बटण दाबल्यावर एक सेकंद थांबून बोला नाहीतर पहिला शब्द कापला जाते, अन् तो पहिला शब्द नेमका "नको" असला तर पुढचं तुम्हीच समजा. "नको येऊ" चं "येऊ" झालेलं मी ऐकलं आहे. म्हणून आधी गाडीचा नंबर बोला, "चार, चार, नको येऊ". एका वेळी एकच बोलेल. दोघांनी एकदम दाबलं तर चिरका आवाज येते नाहीतर जवळचा ऐकू येते अन् लांबचा दबते, बहुतेक वेळा मदत लांबच्यालाच पाहिजे असते.

अन् रेडिओ असला तरी जुना नियम सोडू नका. प्रत्येक गाडी तिच्या मागच्या गाडीची जिम्मेदार. फाट्यावर वळायच्या आधी आरशात मागची दिसली पाहिजे, नाही दिसली तर उभं रहा. हा नियम त्या श्रावणात असता तर तुमच्या पुढच्या दोन थार वळणाआधीच थांबल्या असत्या, सेट असो नसो.

सिपनाकाठ (धारणी)

साकोलीच्या दादाचं एकदम बरोबर. त्यात एक जोडतो. पाच गाड्या लांब पसरल्या की एक नंबरला पाच ऐकू येणार नाही, पण तीनला दोघंही ऐकू येतात. म्हणून मधल्या गाडीत बोलका अन् शांत डोक्याचा माणूस बसवा, त्यानं निरोप पुढं-मागं द्यायचा. ही फुकटची रिपीटर झाली. अन् डब्यावर "प्रायव्हसी कोड" लिहिलेलं असते त्याचा अर्थ तुमचं बोलणं गुप्त आहे असा नाही, त्यानं फक्त दुसऱ्यांची बडबड तुम्हाला ऐकू येत नाही, तुमचं सगळ्यांना जाते. पाचही सेटवर चॅनल अन् कोड सारखा पाहिजे, एकाचा कोड वेगळा असला तर सेट बिघडला म्हणून अर्धा दिवस जाते.

मे महिन्यात सेट डॅशबोर्डवर ठेवून गाडी उन्हात लावू नका. आपल्याकडं बाहेरच पंचेचाळीस असते, बंद गाडीत काचेखाली बॅटरी फुगायला वेळ लागत नाही.

पांदणवाला_बोलेरो (परतवाडा)

सगळ्यांचे मनापासून आभार. अमेरिकेचे सेट भाच्याला परत दिले. ४४६ चे सहा घेतले, पाच गाड्यांना अन् एक नाल्यात उतरणाऱ्याला, पाण्या-चिखलाचे चालतात असे. बजेटच्या थोडं वर गेलं, पाच घरांनी वाटून घेतलं.

काल पाऊस चालू असतानाच तपासले, सिपनाकाठ दादांनी सांगितलं तसं. धरणाच्या भिंतीवरून खालच्या पांदणीत दोन किलोमीटरच्या वर साफ. सागाच्या पट्ट्यात शिरल्यावर आठशे-नऊशे मीटर. अन् ज्या उतारावर जिप्सी बसली होती तिथून वळणापलीकडं पुढच्या थारला थेट काहीच नाही, शून्य. मग यावेळी तीन नंबरला ठेवलेल्या जिम्नीला वळणावरच उभं केलं अन् तिच्यातून निरोप गेला, पुढच्या थारमधून उत्तर आलं तेव्हा जिप्सीवाल्यानं सेट वडिलांच्या हातात दिला. काकांनी बटण दाबलं, एक सेकंद थांबले अन् म्हणाले, "एक नंबर, एक नंबर, मी जेवलो आहे, आरामात या."

मास्तरीणताई, हॅमच्या परीक्षेला आमच्यातले तिघं तयार आहेत. वाचायला कुठून सुरुवात करायची ते सांगाल का?

वर्ध्याची_मास्तरीण (यवतमाळ)

नक्की. आधी ओहमचा नियम आणि तरंगलांबीचं गणित पक्कं करा, मग आपल्या देशातले बँड आणि कॉलसाइनचे म्हणजे रेडिओवरच्या ओळखनावाचे नियम. त्या नावाच्या सुरुवातीचं व्हीयू दोन आणि व्हीयू तीन म्हणजे काय तिथपासून. तिघांनी एकत्र बसून केलं तर लवकर होतं, रविवारी पांदणीवरून आल्यावर तासभर पुरे.