दिवाळीच्या साफसफाईसाठी खात्रीची माणसं हवीत (कोथरूड, पुणे)

नमस्कार मंडळी. कोथरूडला आई-बाबा दोघंच असतात, दोघंही सत्तरीपुढचे. दिवाळीआधी घर नीट घासूनपुसून घ्यायचंय, पण मी बंगळुरूला, त्यामुळे उभं राहून काम करून घेणारं कोणी नाही. खात्रीची एजन्सी सुचवाल का? येणाऱ्या माणसांचं पोलीस व्हेरिफिकेशन झालंय म्हणतात, ते तपासायचं कसं? फरशीचीही फार काळजी वाटते. स्वयंपाकघरात जुनी शहाबादी आहे, ॲसिड पडलं की ती खरवडल्यासारखी होते, पांढरे डाग पडतात ते जात नाहीत. एकाने फोनवर 'सगळीकडे ॲसिडच वापरतो' म्हटलं, त्याला तिथेच नाही सांगितलं. पैसे सगळे आगाऊ मागतात, द्यावेत का? स्वतः काम करून घेतलं असेल तरच नाव सांगा, प्लीज.