वेस्ट्स टायगर्स सलग तीन हंगाम तळाला: दोष नेमका कुठे?

तिसरी_रांग:

मंडळी, एनआरएलबद्दल (ऑस्ट्रेलियातली रग्बी लीग स्पर्धा) एक प्रश्न. सिडनीचा क्लब वेस्ट्स टायगर्स २०२२, २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ तीन वर्षं गुणतक्त्यात शेवटी. २०२३ मध्ये २४ पैकी ४ सामने जिंकले, २०२४ मध्ये ६. बरीच वर्षं सगळ्यांचं बोट हाफबॅक (चाली रचणारा आणि किक मारणारा खेळाडू) ल्यूक ब्रूक्सकडे होतं. २०२३ संपल्यावर तो मॅनली क्लबला गेला, तरी पुढच्या वर्षी पहिले पाढे पंचावन्न. म्हणजे दुखणं वेगळंच आहे.

त्यातही एक कोडं सुटत नाही. मे २०२३ मध्ये लाइकहार्ट ओव्हलवर याच टीमने नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइजना ६६-१८ असं धुतलं आणि १ जुलैला टाउन्सव्हिलला त्यांच्याकडूनच ७४-० असा मार खाल्ला. दीड महिन्यात १२२ गुणांचा फरक! प्रशिक्षकही तोच होता.

"बोर्ड नालायक आहे" छापाची उत्तरं वाचून झाली आहेत. मैदानावर काय बिघडतं ते सांगा.

मार्कर_क्र_२:

चेंडू हातात आला की सहा टॅकल (समोरच्यांनी पकडून पाडणं) होईपर्यंत तो राखता येतो, तो एक सेट. हाफबॅकला दोषी धरणं सोपं असतं, कारण शेवटच्या टॅकलला चेंडू त्याच्याच हातात दिसतो. पण ती किक कुठून मारायची आणि मारायला किती वेळ मिळणार, हे सेटच्या पहिल्या तीन टॅकलमध्येच ठरून गेलेलं असतं.

हिशेब मांडून बघा. स्वतःच्या १० मीटरवर चेंडू मिळाला. पाच धावांत प्रत्येकी ९ मीटर काढले तर तुम्ही ५५ वर, म्हणजे अर्धी रेषा ओलांडून पुढे. तिथून कोपऱ्यात उंच किक टाकली की समोरचा स्वतःच्या गोलरेषेपाशी अडकतो. प्रत्येकी ७ मीटरच काढले तर तुम्ही ४५ वर. आता किकरला अंतर कापायलाच लांब मारावी लागते, चेंडू सर्वांत मागे उभ्या फुलबॅकच्या छातीवर जातो, पाठलाग करणारे दमलेले असतात, आणि तो २५-३० मीटरपर्यंत आरामात पळत येतो. धावेमागे दोन मीटरचा फरक, पण एका सामन्यात प्रत्येक बाजूला साधारण ३५ ते ४० सेट येतात. वीसेक मिनिटांत सगळा खेळ तुमच्याच अर्ध्यात सरकलेला असतो.

हे दोन मीटर जातात कुठे? प्ले-द-बॉलमध्ये, म्हणजे टॅकलनंतर उठून पायाने चेंडू मागे सरकवण्यात. टॅकल झालेला खेळाडू कोपर-गुडघ्यावर पालथा पडला तर पटकन उठून चेंडू मागे सरकवतो. तेवढ्या वेळात बचावफळी १० मीटर मागे पोचलेली नसते, दोन मार्करही (त्याच्या अगदी समोर उभे राहणारे बचावपटू) नीट उभे राहिलेले नसतात. तोच खेळाडू पाठीवर पाडला गेला आणि वर तीन जण असले की त्याला आधी कूस बदलावी लागते. तोवर समोरची रांग जागेवर येऊन पुढे धावायला मोकळी. टायगर्सकडे २०२३ पासून आपी कोरोइसाऊसारखा हूकर (प्ले-द-बॉलनंतर चेंडू उचलणारा) आहे, पेनरिथ क्लबच्या २०२१ आणि २०२२ च्या विजेत्या टीममधला. पण असा हूकर डमी हाफमधून (चेंडू उचलण्याच्या त्या जागेवरून) पळतो तो मार्कर विस्कटलेले असतील तेव्हा. संथ रकमागे (टॅकलभोवतीच्या झटापटीमागे) तोही नुसता पास देणारा होतो.

दुसरी गळती म्हणजे चुका. ३८ सेटपैकी ३० पुरे केले तर कम्प्लिशन ७९ टक्के, २६ केले तर ६८. फरक फक्त चार सेटचा. पण दुसऱ्या-तिसऱ्या टॅकलला चेंडू सुटला की समोरच्याला तुमच्या ३०-४० मीटरवर ताजा सेट मिळतो. चार सेट म्हणजे २४ जादा टॅकल आणि प्रत्येकात दोन-तीन जण गुंतलेले. हे ओझं प्रॉपवर, म्हणजे मधोमध झुंजणाऱ्या धिप्पाड खेळाडूंवर पडतं.

इथे इंटरचेंजचं (सामन्यात राखीव खेळाडू आत-बाहेर करण्याचं) गणित येतं. त्या हंगामांत राखीव चार, बदल आठ. रिवाज असा की दोन्ही प्रॉप २५ मिनिटांच्या आसपास बाहेर, दुसऱ्या हाफच्या मध्याला परत. यात चार बदल गेले. उरलेले चार हूकर, लूज फॉरवर्ड आणि दुखापतींसाठी. जादा टॅकलमुळे प्रॉप १८ व्या मिनिटालाच कमरेवर हात ठेवून उभा राहिला की सगळं वेळापत्रक पुढे सरकतं आणि शेवटच्या १५ मिनिटांत दमलेलेच फॉरवर्ड मैदानात उरतात. शेवटी टीम कोसळते तेव्हा लोक जिगर नाही म्हणतात. जिगरीचा संबंध नाही, बदल संपलेले असतात.

सहा_पुन्हा:

७४-० चं कोडं नियमातच सुटतं. ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण) खाल्लेली टीमच पुन्हा किक-ऑफ करते. म्हणजे ज्याने ट्राय केली, चेंडू परत त्यालाच. तुम्ही १३ जण गोलरेषेवर धापा टाकताय, कन्व्हर्जन (ट्रायनंतरची जादा गुणांची किक) होतं, तुम्ही चेंडू त्यांच्याकडे मारता आणि पुन्हा बचाव सुरू. १० मिनिटांत तीन ट्राय झाल्या तर त्या वेळात तुमच्या हातात चेंडू जवळजवळ येतच नाही.

त्यात २०२० पासूनचा सिक्स अगेन. रकमध्ये घुटमळलात की शिट्टी नाही, घंटा वाजते आणि टॅकलची मोजणी पुन्हा शून्यावर. पूर्वी पेनल्टी मिळाली की श्वास घ्यायला अर्धा मिनिट तरी मिळायचं. २०२२ ते २०२५ या हंगामांत आक्रमक टीम स्वतःच्या ४० मीटरच्या आत असेल तर पूर्ण पेनल्टी होती, त्यापुढे मात्र घंटाच. थकलेली टीम नेमकी रकमध्ये हात अडकवते, म्हणून एकदा घसरण लागली की थांबत नाही. ६६-१८ ला हेच चाक टायगर्सच्या बाजूने फिरलं होतं. अशा निकालांवरून टीमची खरी पातळी मोजू नये, दोन्ही आकडे फुगलेले आहेत.

डावी_कड:

वरच्या दोघांशी सहमत, पण थकव्यावर सगळं ढकलू नका. कडेचा बचाव ताजेपणीही चुकत होता.

कडेला बाहेरून आत मोजलं तर विंगर, सेंटर, मग हाफ (हाफबॅक किंवा त्याचा जोडीदार), त्याच्या आत सेकंड रो (कडेचा फॉरवर्ड). समोरचे काय करतात बघा: त्यांचा सेकंड रो आपल्या हाफच्या आतल्या खांद्यावर जोरात धावत येतो आणि त्याच्या पाठीमागून फुलबॅक वळसा घेऊन बाहेर निघतो. हाफला एका क्षणात ठरवायचं असतं: समोरून येणाऱ्याला धरायचं की बाहेर सरकायचं. आतला सेकंड रो वेळेवर सरकून त्याच्या शेजारी आला तर हाफ बाहेर सरकू शकतो. तो अर्धं पाऊल मागे राहिला तर हाफ तिथेच खिळतो. मग सेंटर घाबरून आत झेपावतो, विंगर एकटा दोघांसमोर, आणि कोपऱ्यात ट्राय.

टीव्हीवर रिप्लेमध्ये हवेत हात मारणारा विंगर दिसतो. चूक तीन माणसं आत झालेली असते. (समालोचकही विंगरचंच नाव घेतात, हे वैताग आणणारं.)

हे सुधारायला वर्षानुवर्षं तेच चार जण शेजारी-शेजारी खेळावे लागतात, एकच पद्धत पाळत. टायगर्सकडे २०२२ च्या मध्यावर मायकल मॅग्वायर गेले, ब्रेट किमॉर्ली हंगामी, २०२३ ला टिम शीन्स, २०२४ ला बेंजी मार्शल. तीन हंगामांत चार प्रशिक्षक. एक म्हणतो सरकत राहा, दुसरा म्हणतो पुढे धावून आत दाबा. सेंटर सरकतोय आणि हाफ दाबतोय अशी सरमिसळ दिसली की समजा, पद्धत अंगात मुरलेली नाही.

तिसरी_रांग:

कडेचं कळलं. पण मग प्रॉप आणि सेंटर विकत का घेत नाहीत? पगारमर्यादा तर सगळ्यांना सारखीच आहे. आणि तळाला राहिल्याचा काही फायदा?

करारनामा:

फायदा शून्य. एनआरएलमध्ये ड्राफ्ट (क्लबांनी पाळीपाळीने खेळाडू निवडण्याची पद्धत) नाही. १९९० च्या सुमारास आणला होता, १९९१ मध्ये न्यायालयाने मोडीत काढला. त्यामुळे शेवटच्या क्लबला पहिली निवड वगैरे काही नसतं.

मर्यादा सारखी, पण त्या पैशाची किंमत सारखी नाही. २०२३ मध्ये ३० खेळाडूंसाठी सुमारे १ कोटी २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. जिंकणाऱ्या क्लबला खेळाडू थोडे कमी घेऊनही येतो. तळाच्या क्लबला त्याच खेळाडूसाठी जास्त पैसे किंवा जास्त वर्षं द्यावी लागतात. मग करार शेवटाकडे फुगवायचा: पहिल्या वर्षी कमी, चौथ्या वर्षी भरपूर. चौथ्या वर्षी तो ३१ चा, फॉर्म गेलेला. त्याला दुसरीकडे पाठवलं तरी पगारातला तुम्ही उचललेला वाटा तुमच्याच मर्यादेत मोजला जातो. असे दोन-तीन झाले की एका चांगल्या प्रॉपचे पैसे मैदानाबाहेर बसलेले.

मूळ जखम मात्र २०१७ ची. जेम्स टेडेस्को, ॲरन वूड्स, मिचेल मोझेस आणि ब्रूक्स, चौघांचे करार एकाच वेळी संपत होते. तिघे गेले. टेडेस्को रूस्टर्सकडे, तिथे २०१८ आणि २०१९ ची विजेतेपदं. मोझेस पॅरामॅटाला, वूड्स बुलडॉग्जना. उरला ब्रूक्स, आणि चौघांच्या अपेक्षांचं ओझं त्या एकट्यावर. महत्त्वाचे करार वेगवेगळ्या वर्षी संपतील असे आखायचे, हा अगदी प्राथमिक नियम आहे. टायगर्सनी तोच मोडला.

पाठीमागून गळतीही आहेच. जॉश ॲडो-कार २०१६ ला टायगर्सकडून पहिला सामना खेळला आणि मेलबर्न स्टॉर्मकडे जाऊन २०१७ व २०२० जिंकला. रायन पापेनहायझन टायगर्सच्याच तरुण फळीतला, तोही स्टॉर्मकडे गेला आणि २०२० च्या अंतिम सामन्यात सर्वोत्तम खेळाडू ठरला. नैर्ऋत्य सिडनीतल्या मॅकार्थर भागातून मुलं भरपूर येतात, पण बहरतात दुसऱ्याच्या जर्सीत.

किक_चेस:

मैदानांचं कुणी बोललं नाही. लाइकहार्ट आणि कॅम्पबेलटाउन ही दोन टोकं, घरचे सामने विखुरलेले, १९९९ पासून बालमेन आणि वेस्टर्न सबर्ब्ज या दोन क्लबांची ओढाताण. हेही कारण नाही का?

करारनामा:

बोर्डातल्या भांडणांसाठी हो, हरण्यासाठी फार नाही. सेंट जॉर्ज इलावारासुद्धा दोन क्लबांचीच टीम, दोन घरांची, आणि २०१० ला विजेती. खुद्द टायगर्स २००५ ला याच रचनेत जिंकले. कॉन्कॉर्डचं सराव केंद्रही आता नवं आहे, सुविधांचं कारण उरलेलं नाही.

मार्कर_क्र_२:

२०२५ ला काय बदललं बघा, निदान तपासता येतं. पेनरिथहून जेरोम लुआई आला, सगळा गाजावाजा त्याचाच. पण माझ्या मते मोठी भर रूस्टर्सकडून आलेल्या टेरेल मेची. लांब मिनिटं खेळणारा प्रॉप असल्याने इंटरचेंजचे बदल वाचतात. शिवाय सुनिया तुरुवासारखा विंगर पहिल्या-दुसऱ्या टॅकलला अंगावर धाव घेतो, ती धाव मग प्रॉपला घ्यावी लागत नाही. टीम १३ वी आली. हंगामाच्या मध्यावर लॅक्लन गॅल्विन बुलडॉग्जकडे निघून गेला, तरीही.

पुढच्या वेळी सामना बघताना स्कोअरकडे दुर्लक्ष करून एक कागद घ्या. प्रत्येक सेटला फक्त दोन गोष्टी लिहा: तिसरा टॅकल कितव्या मीटरवर झाला आणि सेट कसा संपला. स्वतःच्या ३० च्या आत तिसरा टॅकल वारंवार होत असेल तर दोष फॉरवर्ड आणि विंगरच्या धावांत. ४० च्या पुढे होऊनही गुण येत नसतील तरच हाफबॅकबद्दल बोला. किक थेट मागच्या रेषेबाहेर जात असेल तर वेगळी खूण करा, कारण त्यावर समोरच्याला २० मीटरवरून सहाऐवजी सात टॅकल मिळतात. पहिली २० मिनिटं आणि ६० ते ८० वेगळ्या रकान्यात ठेवा. बचावासाठी ट्राय कोणत्या कडेला झाली एवढंच टिपा, आणि रिप्लेमध्ये विंगर सोडून त्याच्यापासून आत तिसऱ्या माणसाचे पाय बघा.