अनुभव धागा: वजन घटवण्याचं ऑपरेशन, पहिल्या भेटीपासून तारीख मिळेपर्यंत

बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेबद्दल शोधायला बसलं की ऑपरेशनची वर्णनं आणि आधीचे-नंतरचे फोटो भरपूर सापडतात. 'करावं का' इथपासून 'तारीख ठरली' इथपर्यंतच्या काही महिन्यांबद्दल मात्र फारसं कुणी लिहीत नाही. आणि तारीख पुढे ढकलली जाते ती बहुतेक वेळा याच काळात राहून गेलेल्या एखाद्या बारीकशा गोष्टीमुळे. म्हणून या क्षेत्रात रोज काम करणाऱ्यांना आणि या वाटेने जाऊन आलेल्यांना हे आमंत्रण. आपली कहाणी नको, पुढच्या माणसाच्या कामाला येईल असं लिहा: काय करायचं, किती, कधी, कुठे अडतं आणि का.

प्रतिसाद १ (रुग्ण समन्वयक)

उंचीपासून सुरुवात करते, कारण पहिली चूक तिथेच होते. बहुतेक जण कधीकाळी मोजलेली उंची सांगतात, कधी ती चपला-बूट घालून मोजलेली असते. बीएमआय काढताना वजनाला उंचीच्या वर्गाने भागतात, त्यामुळे दोन-तीन सेंटिमीटरचा फरकही मोठा पडतो. ९० किलो वजन आणि १.६३ मीटर उंची धरली तर बीएमआय ३३.९ येतो. तीच उंची मोजून १.६० निघाली तर ३५.२. म्हणजे माणूस ऑपरेशनच्या शिफारशीसाठीच्या ३५ च्या रेषेच्या या बाजूला की त्या बाजूला, हे तीन सेंटिमीटरवर ठरलं. अनवाणी उभं राहायचं, टाचा भिंतीला टेकवायच्या, नजर समोर ठेवायची आणि मोजपट्टी दुसऱ्या माणसाने धरायची.

या रेषांबद्दल जुनी माहिती अजून फिरते आहे. १९९१ चे निकष होते ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत एखादा आजार. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी ते बदलले. आता ३५ च्या वर असेल तर सोबत आजार नसला तरी शिफारस होते आणि ३० ते ३५ मध्ये मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असेल तर विचार होतो. आशियाई वंशाच्या लोकांसाठी ही खालची रेषा २७.५ आहे. विमा कंपन्या किंवा सरकारी योजना मात्र जुनेच आकडे धरत असतील, तर ते आधीच लेखी विचारून घ्या.

पहिल्या भेटीला जाडजूड फाइल आणली तरी चालेल, पण तिच्यावर एक पान हवंच. त्यावर दर पाच वर्षांचं वजन, कोणते उपाय किती महिने केले, किती किलो उतरले, किती परत आले. चालू गोळ्या मिलिग्रॅमसकट. पोटाची आधीची ऑपरेशनं आणि त्यांची डिस्चार्ज कार्डं, कारण आतल्या चिकटण्या आणि हर्नियाची जाळी सर्जनला आधी माहीत असावी लागते. घरात कुणाच्या पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का, हेही लिहा. हे कुणी आपणहून सांगत नाही, आणि त्यावर रक्त पातळ ठेवण्याच्या इंजेक्शनचे दिवस ठरतात.

प्रतिसाद २ (सर्जन)

'मला स्लीव्हच करायची आहे' असं ठरवून येणारे बरेच असतात. मनात पसंती असू द्या, पण निर्णय एंडोस्कोपीनंतर, म्हणजे तोंडावाटे कॅमेरा घालून जठर आतून बघितल्यावर घ्या.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि अरुंद नळी उरते. ती नळी आतून दाबाची असते. आधीच छातीत जळजळ किंवा रात्री घशाशी आंबट येणं असेल तर ते स्लीव्हनंतर वाढू शकतं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला बॅरेट म्हणतात तो बदल दिसला तर बहुतेक सर्जन स्लीव्ह टाळतात आणि बायपासकडे वळतात. बायपासमध्ये जठराची सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी वेगळी करून तिला थेट लहान आतडं जोडतात. उरलेलं जठर शरीरातच राहतं, पण पुढे साध्या एंडोस्कोपीने तिथे पोचता येत नाही. म्हणून ते नीट बघून घ्यायची संधी ऑपरेशनआधीच असते.

सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे बघा. वजन झपाट्याने उतरताना नवे खडे होतात, म्हणून नंतर काही महिने त्यासाठी गोळी देतात. आधीच त्रास देणारे खडे असतील तर पित्ताशय त्याच वेळी काढायचं का, हे आधी बोलून ठेवा.

सर्जनला हे विचारायला अजिबात संकोचू नका: वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, टाक्यांच्या रेषेतून गळती झाली तर रात्री कोण येतं, पाच वर्षांनी तपासणीला किती जण येतात. वजन किती उतरेल याचं प्रामाणिक उत्तर असं: वर्ष-दीड वर्षात एकूण वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के, आणि त्यातलं काही पुढे परत येऊ शकतं. १२० किलोच्या माणसाने ८५-९० धरून चालावं. ६० धरून आलेला माणूस चांगल्या निकालावरही निराश होतो, आणि मग तपासणीला येणं बंद करतो. मला त्याचीच काळजी जास्त वाटते.

प्रतिसाद ३ (वाचक)

एंडोस्कोपीच्या आधी अ‍ॅसिडिटीची रोजची गोळी चालू ठेवली तर चालते का?

प्रतिसाद ४ (फार्मासिस्ट)

ताई किंवा दादा, आधी डॉक्टरांना विचारा, पण कारण समजून घ्या. एंडोस्कोपीत हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणीही होते. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या जातीच्या गोळ्या जंतू दाबून ठेवतात आणि जंतू असूनही अहवाल 'नाही' असा येऊ शकतो. म्हणून साधारण दोन आठवडे त्या थांबवायला सांगतात. अँटिबायोटिक घेतलं असेल तर चार आठवडे थांबावं लागतं. दोन्ही लपवलं तर तपासणी पुन्हा करावी लागते. जंतू सापडला तर औषधांचा कोर्स आणि तो गेल्याची खात्री, म्हणजे तारीख सहज दीड-दोन महिने पुढे.

प्रतिसाद ५ (भूलतज्ज्ञ)

घोरणं ही आमच्या दृष्टीने पहिली चौकशी. आठ प्रश्नांची स्टॉप-बँग नावाची यादी आहे: मोठ्याने घोरणं, दिवसा थकवा, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहणं, रक्तदाब, बीएमआय, वय, मानेचा घेर, लिंग. तीन किंवा जास्त 'हो' आले तर झोपेची तपासणी करून घ्या. उत्तरं द्यायला शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत आणा, कारण श्वास थांबतो हे झोपलेल्याला कळत नाही.

अहवालात तासाला ५ ते १५ वेळा श्वास अडला तर सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. मध्यम किंवा तीव्र असेल तर झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन देतात, आणि अडतं ते इथे. मशीन घरी येतं, मास्क नाकाला घट्ट बसत नाही, कडेने हवा डोळ्यात जाते, माणूस तिसऱ्या रात्री ते कपाटात ठेवतो. मास्कचे आकार वेगवेगळे असतात, बदलून मिळतात. बेल्ट आडवं झोपून आवळायचा, बसून नाही, कारण आडवं झाल्यावर चेहऱ्याची ठेवण बदलते. दिवसा वाचताना अर्धा तास लावून बसलात तर सवय लवकर होते. ऑपरेशनच्या दिवशी आपला मास्क आणि मशीन सोबत आणा.

सेमाग्लुटाइडसारखं वजनाचं इंजेक्शन चालू असेल तर शेवटचा डोस कधी घेतला ते तारखेसकट सांगा. त्याने जठर हळू रिकामं होतं. उपाशी राहूनही पोटात अन्न असेल तर भूल देताना ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. वजन कमी करायला आलोय आणि आधीच इंजेक्शन घेतलं हे सांगायची लाज वाटते म्हणून लोक गप्प राहतात. कृपा करून असं करू नका. आम्हाला ते कळलं की त्याप्रमाणे उपाशी राहण्याचे तास आणि भुलेची पद्धत ठरवता येते.

प्रतिसाद ६ (आहारतज्ज्ञ)

ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे, क्वचित चार, दिवसाला ८०० ते १००० किलोकॅलरीचा आहार असतो. बरेच जण याला वजन उतरवण्याची परीक्षा समजतात. तो आहार मुख्यतः यकृतासाठी असतो.

यकृताचा डावा भाग जठरावर झाकणासारखा पडलेला असतो. सर्जनला जठरापर्यंत जायला तो एका दांडीने उचलून धरावा लागतो. चरबीने भरलेलं यकृत जड, फुगीर आणि कडेला बोथट असतं. उचलताना ते चिरतं आणि रक्त येतं. कधी तर खालचं जठर दिसतच नाही आणि ऑपरेशन अर्ध्यावर थांबवावं लागतं. कर्बोदकं कमी केली की यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा साठा आधी उतरतो. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, तेही जातं. मग चरबी कमी होऊ लागते. उलटही तितकंच लवकर होतं. बारा दिवस नेटाने पाळून शेवटच्या दोन दिवसांत 'आता पुन्हा कधी खायला मिळणार' म्हणून मनसोक्त जेवलं तर साठा परत भरतो.

या काळात प्रथिनं ६० ते ८० ग्रॅम आणि पाणी दोन लिटरच्या आसपास (हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढं). पहिले दोन-तीन दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, मग ओसरतं. बद्धकोष्ठ होतं, त्यासाठी आधीच औषध विचारून ठेवा. चहा-कॉफी जास्त असेल तर हा आहार सुरू होण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत एकेक कप कमी करा, म्हणजे दोन डोकेदुख्या एकदम येणार नाहीत.

आणखी एक काम पहिल्या भेटीपासूनच सुरू करता येतं: खाण्याचा सराव. छोटा चमचा घ्यायचा, घास २०-३० वेळा चावायचा, चमचा खाली ठेवून मगच पुढचा घ्यायचा. जेवण २० ते ३० मिनिटं चालावं. पाणी जेवताना नाही, नंतर अर्ध्या तासाने. नव्या जठरात नीट न चावलेला घास अडकला की छातीच्या हाडामागे दाबल्यासारखं दुखतं, तोंडाला फेसाळ लाळ सुटते आणि उलटी होते. घाईने जेवायची वर्षानुवर्षांची सवय ऑपरेशनच्या दिवशी मोडत नाही, ती आधीच मोडायला घ्यावी लागते.

प्रतिसाद ७ (मधुमेहतज्ज्ञ)

वरच्या आहाराबद्दल एक धोक्याची सूचना, आणि हे मोठ्या अक्षरात वाचा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या पूर्वीच्याच डोसने चालू ठेवून हा आहार सुरू करायचा नाही. साखर ७० च्या खाली घसरू शकते. आहार सुरू होण्याआधी डोस बदलून घ्या आणि दिवसातून किती वेळा साखर तपासायची ते लिहून घ्या. रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचंही तसंच, नाहीतर उठताना चक्कर येते.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटाच्या गोळ्या वेगळ्याच कारणाने थांबवाव्या लागतात, ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी आणि बऱ्याचदा कमी कॅलरीचा आहार सुरू होतानाच. या गोळ्या चालू असताना उपासमार झाली तर साखरेचा आकडा जवळपास नेहमीसारखा दिसत असतानाही रक्तात किटोन (चरबी जळताना बनणारे पदार्थ) साचून आम्लता वाढते. मळमळ, पोटदुखी, धाप ही लक्षणं आली आणि मशीनवर साखर बरी दिसली तरी थांबू नका, लगेच फोन करा.

प्रतिसाद ८ (समुपदेशक)

मानसशास्त्रीय मुलाखतीत नापास करायला कुणी बसलेलं नसतं. दोन आठवड्यांची वही आणा: किती वाजता खाल्लं, त्या वेळी भूक शून्य ते दहात किती, मनात काय चाललं होतं. रात्री उठून खाणं, थोड्या वेळात ताबा सुटून खूप खाणं, खाऊन मुद्दाम उलटी करणं, हे असेल तर सांगा. त्यावर आधी उपचार होतात. नंतर जठर लहान झालं तरी ती ओढ तिथेच असते आणि मऊ, गोड, पातळ पदार्थांतून वाट काढते.

दारूबद्दल खरं बोला. बायपासनंतर दारू रक्तात लवकर आणि जास्त चढते, आणि व्यसनाचा धोका दुसऱ्या वर्षापासून वाढलेला दिसतो. नैराश्याच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारच्या असतील तर बायपासनंतर त्यांचं शोषण बदलू शकतं, म्हणून पर्यायी स्वरूप आधीच ठरवून घ्या.

प्रतिसाद ९ (छातीविकार विभागातली परिचारिका)

तंबाखू कोणत्याही रूपात किमान सहा आठवडे आधी बंद, आणि नंतरही सुरू नाही. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, जोड भरून यायला उशीर होतो आणि बायपासच्या जोडावर अल्सर होतो. निकोटिनपासून शरीरात बनणाऱ्या कोटिनिनची तपासणी करतात. निकोटिनचा च्युइंगम किंवा पट्टी चालू असेल तरी ती पॉझिटिव्ह येते, म्हणून आधीच सांगा.

प्रतिसाद १० (ऑपरेशन झालेली, आधारगटात काम करते)

रक्ततपासणीत बी-१२, ड जीवनसत्त्व, लोह, फोलेट हे आधीच करून घ्या. वजन जास्त म्हणजे पोषण चांगलं असं नसतं. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन शरीरातल्या दाहामुळे उगाच चांगलं दिसू शकतं, म्हणून सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ही लोहाचीच दुसरी तपासणी मागा. आधीची कमतरता ऑपरेशनआधी भरून काढणं सोपं जातं.

नंतरच्या गोळ्या जन्मभराच्या आहेत. कॅल्शियम सायट्रेट दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, पण एका वेळी ५००-६०० च शोषलं जातं, म्हणून दोन-तीनदा. लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. आत्ताच दोन आठवडे हे वेळापत्रक पाळून बघा. चघळायच्या गोळ्यांची चव सोसते का, कामावर दुपारचा डोस राहतो का, हे तेव्हाच कळतं. घरच्यांना एक लक्षण शिकवून ठेवा: ऑपरेशननंतर दिवसेंदिवस उलट्या होत असतील तर थायामिन म्हणजे बी-१ झपाट्याने घटतं. तोल जाणं, एकाची दोन दिसणं, गोंधळल्यासारखं बोलणं सुरू झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

प्रतिसाद ११ (स्त्रीरोगतज्ज्ञ)

इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या गुठळीच्या धोक्यामुळे साधारण महिनाभर आधी थांबवतात. त्या थांबवल्या की दुसरी सोय त्याच दिवशी हवी. पाळी अनियमित असलेल्यांची वजन उतरताच गर्भधारणेची शक्यता एकदम वाढते, आणि १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची असते. बायपासनंतर गोळीवर भरवसा ठेवता येत नाही. तांबी किंवा हातात बसवायचं इम्प्लांट यांचा पोटातल्या शोषणाशी संबंध नाही. बसवायचं असेल तर ऑपरेशनच्या आधीच बसवून घ्या.

प्रतिसाद १२ (फिजिओथेरपिस्ट)

आजपासून रोज चालायला लागा, दहा मिनिटं जमली तरी दहा. ऑपरेशनच्या दिवशीच संध्याकाळी उठवून चालवतात. पायातली गुठळी आणि छातीत कफ साचणं दोन्ही त्याने टळतं. आत प्लास्टिकच्या तीन गोल गोळ्या असलेलं श्वासाचं खेळण्यासारखं यंत्र मिळतं, ते आधी घरी आणा. फुंकायचं नाही, ओढायचं. श्वास हळू ओढा, गोळ्या वर गेल्या की दोन-तीन सेकंद धरा. जागेपणी तासाला दहा वेळा.

आणि अंथरुणातून उठण्याचा सराव करा. पाठीवरून थेट उठून बसलं की पोटाचे स्नायू आवळतात आणि ऑपरेशनसाठी पोटावर केलेल्या छिद्रांच्या जागा दुखतात. आधी गुडघे वाकवा, कुशीवर वळा, पाय पलंगाबाहेर सोडा आणि खालच्या हाताच्या कोपराने पलंग दाबत वर या. घरी रोज चार-पाचदा केलं की ऑपरेशननंतर झोपेच्या गुंगीतही अंग आपोआप कुशीवर वळतं.