थोडं थोडं स्वातंत्र्य घेतलं की तत्त्व बुडतं का?

उंबरठा: काल इथे कोणीतरी लिहिलं की धंद्याच्या परवान्याची फी कमी करा म्हणणारा लिबर्टेरियन, म्हणजे सरकारने लोकांच्या कामात कमीत कमी पडावं असं मानणारा, नव्हेच, परवानाच रद्द करा म्हणा नाहीतर गप्प बसा. वाचून डोकंच फिरलं. ज्याला उद्या काम सुरू करायचंय त्याने तोवर काय करायचं? कॅलिफोर्नियात १९९६ ला गांजा फक्त औषध म्हणून मोकळा झाला तेव्हा तेही अर्धवटच होतं, पण लोकांची भीती तिथूनच चेपत गेली आणि २०१२ ला कोलोरॅडो, वॉशिंग्टनच्या मतदारांनी सरसकट परवानगी दिली.

सडेतोड: ती पोस्ट माझीच. फी कमी होण्याला माझा विरोध नाही, पण ती मागताना परवाना वाजवी आहे हे आपणच कबूल करतो. गांजा मोकळा झाला म्हणता, पण सोबत परवाने आले, कर आले. मुक्त बाजाराचे कैवारी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचंच बघा, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या अर्थखात्यात बसून त्यांनी पगारातूनच कर कापायची पद्धत उभी करायला हातभार लावला, १९४३ ला कायदा झाला. युद्ध संपलं, कपात राहिली.

कोराकागद: कपातीचा विषय काढलात म्हणून लिहितेच. बारा वर्षं नोकरी केली, पगाराच्या स्लिपवर कपातीचा रकाना असायचा, मी थेट खालचा आकडा बघायचे. नोकरी सोडून स्वतःचं काम धरलं आणि पहिल्यांदा खात्यातून कर स्वतःच्या हाताने भरला, त्या दिवशी पोटात खड्डा पडला. महिन्याच्या महिन्याला सगळ्यांनी असा हाताने भरला ना, तर सरकारला जाब विचारतील लोक.

दोनटोकं: ताई, तुमच्याकडे पैसे शिल्लक होते म्हणून जमलं. माझ्या वडिलांकडून कपात होत नव्हती, वर्षाअखेरीला उसनवारी करून भरायचे आणि वर दंड. आम्हाला कपात म्हणजे सुटका वाटली असती.

कोराकागद: मग कर जास्त आहे म्हणा ना! कपातीने तो कमी नाही झाला, नुसता दिसेनासा झाला.

उंबरठा: अहो, मूळ मुद्दा राहिला बाजूला. फ्रीडमन काढलेत तर अमेरिकेतल्या सक्तीच्या सैन्यभरतीचा विषयही काढा. ती बंद करता येईल का हे बघायला १९६९ ला नेमलेल्या गेट्स आयोगात ते होते, १९७३ ला सक्तीची भरती बंद झाली.

सडेतोड: आणि १९८० ला त्या सक्तीच्या भरतीसाठीची नावनोंदणी परत आली, ते सोयीस्कर विसरलात.

उंबरठा: त्यानंतर एका तरी मुलाला उचललं का? आणि तत्त्व मला शिकवू नका. घरी केस कापायचं काम सुरू करायला माझ्या बहिणीचा अर्ज दोनदा परत आला, बेसिन वेगळ्या खोलीत हवं म्हणून. तो एक नियम सैल झाला, परवाना तसाच राहिला, पण तिच्या दारात खुर्ची लागली. तिला जाऊन सांगा हे अर्धवट आहे म्हणून!

सडेतोड: आवाज चढवू नका. बहिणीचं बरं झालं, ते मी नाकारत नाही. भरतीबद्दलही मान्य, नाइलाजाने. पण बघा, १९६९ च्याच डिसेंबरात कोणाला सैन्यात न्यायचं याची लॉटरी काढली होती, वाटणी न्याय्य व्हावी म्हणून. आयोग त्यावर थांबला नाही, सक्तीच संपवा म्हणाला. मिळेल ते घ्या, फक्त मागताना पूर्ण मागा, एवढंच माझं म्हणणं.

उंबरठा: मग काल 'गप्प बसा' का लिहिलंत?

सडेतोड: ते शब्द चुकले.

दोनटोकं: कोराकागद ताई, दंडाचं उत्तर अजून नाही दिलंत.