मदत हवी आहे: एक व्यवहार मोडला, आता त्याच सोसायटीत दुसऱ्या फ्लॅटला ऑफर कशी द्यावी?

मधली सुट्टी

मंडळी, धागा लांबणार आहे, आधीच माफी मागते. पुण्यात रीसेलचे व्यवहार केलेल्यांनी जरूर वाचा.

आम्ही दोघं आणि सहा वर्षांची लेक, कर्वेनगरात भाड्याने राहतो. हे चौथं घर. फेब्रुवारीत जवळच्याच एका जुन्या सोसायटीत, ए विंगमधला तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके पसंत पडला. मालकीण पंच्याहत्तरीच्या आजी. ७८ लाखांवर ठरलं, एक लाख टोकन दिलं. विसार पावती (टोकनचा अटींसकट लेखी कागद) नाही, काही नाही. एजंटने व्हॉट्सॲपवर 'टोकन मिळाले, डील डन' लिहून अंगठा टाकला, झालं. (हो, चूक आहे. झोडायला प्रतिसाद मोकळे आहेत.)

फ्लॅट मुळात आजोबांच्या नावावर, १९९८ चा करारनामा. ते २०१४ मध्ये गेले. आजी नॉमिनी होत्या, म्हणून सोसायटीने शेअर सर्टिफिकेट (सभासदत्वाचा दाखला) त्यांच्या नावावर करून दिलं. ते त्यांनी रुमालात, रुमाल प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी गव्हाच्या डब्याशेजारी ठेवली होती. उलटं करून मला दाखवलं, "हे बघ, मागे माझं नाव चढवलंय की." त्यांच्या लेखी विषय संपला होता. माझ्याही.

आमच्या वकीलबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, मुलं किती? नॉमिनीच्या नावावर सर्टिफिकेट झालं म्हणून ती एकटी मालक होत नाही, बाकी वारसांचा हिस्सा राहतोच. आजींची मुलगी सांगलीला, ती हक्कसोडपत्र द्यायला एका पायावर तयार. पण मुलगा वारलेला, त्याची बायको आणि १४ वर्षांचा मुलगा नागपूरला, आणि दोन्ही घरांत बोलणं बंद. सून तयार झाली असती तरी अज्ञान (अल्पवयीन) मुलाचा हिस्सा सोडायला कोर्टाची परवानगी लागते. बँकेच्या वकिलांनीही हाच शेरा मारला. चार महिने थांबलो आणि जूनअखेर माघार घेतली. आजींनी एक लाख परत दिले, एक रुपयाही न कापता. एजंटने मात्र महिनाभर फोन उचलला नाही.

आता खरा मुद्दा. त्याच सोसायटीत बी विंगला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट आला आहे. मालक निवृत्त काका, लेकीजवळ नाशिकला जायचंय. फ्लॅट त्यांनी स्वतःच बिल्डरकडून घेतलेला, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला महापालिकेची परवानगी) आहे, कर्ज साधारण ९ लाख बाकी. सांगतात ८२. एजंट तोच! आम्ही त्याच्यामार्फत ७६ कळवले. उत्तर आलं: "काका विचारतात, ते ए विंगवाले का? मग टोकन पाच लाख, आणि मागे फिरलात तर परत नाही."

मला हे झोंबलं. आमची चूक नसताना कपाळावर शिक्का बसला. नवरा म्हणतो सोडून दे, घरं काय कमी आहेत? पण हे घर मला आवडलंय. पाच लाख द्यावेत का? जुनी हकीकत आपणहून सांगावी की विचारली तर सांगावी? ७६ ची ऑफर आता हास्यास्पद वाटते का? आणि बँकेचं जुनं मंजुरीपत्र या घराला चालेल का?

खमंग काकडी

पाच लाख?? विहिरीत टाका, निदान आवाज तरी येईल.

तिसरा मजला

ताई, 'मागे फिरलात तर परत नाही' हे एवढंच वाक्य कुठेही मान्य करू नका, फोनवरसुद्धा. मागे फिरणं दोन प्रकारचं असतं. तुमचं मन बदललं, तर काही रक्कम त्यांनी ठेवून घेणं रास्त आहे. पण टायटलमध्ये (मालकी हक्कात) खोट निघाली किंवा बँकेने लीगल-टेक्निकलमध्ये (कागदांच्या आणि घराच्या तपासणीत) घर नाकारलं, तर पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत, असं विसार पावतीत स्पष्ट हवं. ती स्टँप पेपरवर करा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, पैसे चेकने किंवा आरटीजीएसने थेट मालकाच्या खात्यात. एजंटच्या हातात दमडी नको. वकीलबाईंकडून दोन आठवड्यांची जाहीर नोटीस पेपरात देऊन घ्या.

जुनं मंजुरीपत्र त्या घरापुरतं होतं. मुदत उरली असेल तर तुमच्या उत्पन्नाची छाननी बहुधा पुन्हा करायला लागणार नाही, पण या घराचं लीगल आणि व्हॅल्युएशन नव्याने होईल. त्याच बँकेत जा. रागाच्या भरात चार बँकांत अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशी सिबिलवर (कर्जाच्या पतनोंदीत) दिसते.

वारजेकर

मार्जिनचा (स्वतःच्या खिशातून घालायच्या रकमेचा) हिशोब केलाय ना? ३० लाखांच्या वर ते ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, आणि स्टँप ड्यूटी त्या किमतीत धरत नाहीत. पुण्यात ड्यूटी ७ टक्के, फक्त बाईच्या नावावर खरेदी असेल तर ६. जोडीने नाव लावलं की सवलत गेली. नोंदणी फी वरती ३० हजार. शिवाय ५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात एक टक्का टीडीएस (मालकाच्या नावे आयकर) तुम्ही त्यांच्या रकमेतून कापून भरायचा असतो, काकांना आत्ताच सांगून ठेवा. आमच्या मालकाला शेवटच्या दिवशी कळलं आणि रजिस्ट्रार ऑफिसच्या जिन्यात अर्धा तास भांडण झालं.

आणि सोसायटीने ट्रान्सफरला लाखभर मागितले तर २००१ चं शासकीय परिपत्रक दाखवा. या ट्रान्सफर प्रीमियमची कमाल मर्यादा २५ हजार आहे.

जुना खेळाडू

मी या धंद्यात अठरा वर्षं आहे, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे. तुमचा एजंट काकांचा निरोप तिखट-मीठ लावून सांगतोय असं मला वाटतं. त्याची एक दलाली बुडाली, दुसरी बुडू नये म्हणून तो तुम्हाला मोठ्या टोकनने बांधून घेतोय. चूक त्याचीच, वारस किती हे टोकनच्या आधी त्याने विचारायला हवं होतं.

पण काकांची भीतीही समजून घ्या. तुम्ही घर घेणार नाही, याची त्यांना फारशी धास्ती नसते. चार महिने घर अडकून राहील आणि मग नाही म्हणाल, याची असते. मधल्या काळात आलेली दुसरी गिऱ्हाइकं जातात. म्हणून त्यांच्यापुढे पैशाआधी तारखा ठेवा. कागदांच्या झेरॉक्स मिळाल्यापासून इतक्या दिवसांत सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी), इतक्या दिवसांत बँकेचं उत्तर, अमुक तारखेच्या आत साठेखत (विक्रीचा करार). त्यांच्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज फेडायला किती रक्कम लागेल याचं पत्र) आणि तिथे ठेवलेल्या मूळ कागदांची यादी मागून घ्या. ९ लाख तुमच्या रकमेतून थेट त्या कर्जखात्यात जातील, असं लिहा. हे सगळं एका पानावर घेऊन समोर बसा. ७६ वर ते हसतील, पण ऐकतील. फोनवर एजंटमार्फत ७९ सांगितलेत तरी ऐकणार नाहीत.

आणि जुनी गोष्ट आपणहून सांगा. त्यांना ती माहीतच आहे, फक्त चुकीची.

खमंग काकडी

जुना खेळाडू, दलाली किती टक्के घेता? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

मधली सुट्टी

सगळ्यांचे आभार. शनिवारी काकांकडे जाऊन आलो. एजंटला कळवलं होतं, तोही आला आणि पूर्ण वेळ मोबाइलवर बोट फिरवत बसला.

मी सुरुवातीलाच सांगितलं, काका, ए विंगचा व्यवहार आम्ही मोडला, आणि का ते तुम्ही आमच्या तोंडून ऐका. सुनेचं, नातवाचं नाव घेतलं नाही, घरातली गोष्ट ती, फक्त 'वारसांच्या सह्या पुऱ्या होत नव्हत्या' इतकंच म्हटलं. काकांनी एजंटकडे चष्म्यावरून पाहिलं. "तू तर म्हणालास, यांचं लोन झालं नाही." हा गडी मोबाइलमधून मान वर काढेना.

मग काका आत जाऊन फाइल घेऊन आले. बँकेतला माणूस, प्रत्येक कागदाला कोपऱ्यात पेन्सिलीने नंबर. बिल्डरचा नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातल्या नोंदीचा उतारा), सोसायटीच्या मेन्टेनन्सच्या पावत्या सालवार. काकूंचं नावही करारनाम्यात आहे, म्हणजे सही दोघांची लागणार, हे त्यांनीच दाखवलं. मी आमचं एक पान पुढे केलं. त्यांनी ४५ दिवस खोडून ४० केले आणि म्हणाले, आता बोला.

७९ वर आलो. टोकन एक लाख, विसार पावती वकीलबाई करतील. आमचं मन बदललं तर पन्नास हजार त्यांचे. टायटल किंवा बँकेमुळे अडलं तर सगळे परत, आठ दिवसांत. टीडीएसचं सांगितलं तर म्हणाले, "मला शिकवू नका." वारजेकर, तुमची आठवण झाली.

आता राहिलेला प्रश्न कायद्याचा नाही, त्यामुळे इथे विचारावा की नाही कळत नाही. खाली उतरलो तर पार्किंगपाशी आजी, भाजीची पिशवी घेऊन. आता रोज दिसणार त्या. मला काय बोलावं सुचेना. नवरा उगाच गाडीची किल्ली शोधायला लागला. आजींनी आमच्याकडे पाहिलं, वर बी विंगकडे पाहिलं.

"पहिल्या मजल्याचं घेताय होय? घ्या. तिकडे पाणी जोरात येतं. आमच्याकडे सकाळी करंगळीएवढी धार." आणि पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "लिफ्टपर्यंत आण तेवढी."